प्रवेशपरीक्षेविना इंग्रजी साहित्य

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला आणि कुणी कम्युनिटी कॉलेजचं नाव काढलं, की आईवडिलांचे चेहरे उतरतात. ‘तिथं काय, कुणालाही प्रवेश मिळतो,’ असं लगेच म्हटलं जातं. ते खरंच आहे. तिथं प्रवेशपरीक्षा नाही, कटऑफ नाही, शिफारसपत्रं नाहीत. पण त्यावरून तिथलं शिक्षण हलकं असणार असा जो अर्थ काढला जातो, तो मला मान्य नाही. इंग्रजी साहित्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. निवडून घेतलेल्या मुलांना साहित्य शिकवणं तुलनेने सोपं. येईल त्याला शिकवायचं, आणि पातळी न घसरू देता शिकवायचं, हे जास्त कठीण काम आहे. अमेरिकेतली अनेक कम्युनिटी कॉलेजं ते मनापासून करतात, आणि ते कसं करतात हे आपण समजून घ्यायला हवं.

या कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी झाली. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी हायस्कूल संपल्यावरची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायचं ठरवलं. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. अशा संस्थांना तेव्हा ज्युनियर कॉलेज म्हणत. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं काढावीत अशी शिफारस केली, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव देशभर रुजलं. आज ती हजाराच्या आसपास आहेत, त्यांतली ११६ एकट्या कॅलिफोर्नियात. आपल्याकडे याच नावाने विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आहे, पण तिचा भर कौशल्य अभ्यासक्रमांवर आहे. अमेरिकेतही वेल्डिंग, नर्सिंग, ऑटो दुरुस्ती हे सगळं तिथं शिकवतात. फरक एवढाच, की त्याच आवारात शेक्सपिअरचाही वर्ग असतो, आणि वेल्डिंग शिकणाऱ्याला त्या वर्गात बसता येतं.

खर्चाचं सांगायचं तर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर फी आहे. तीन युनिटांचा साहित्याचा कोर्स १३८ डॉलरना पडतो. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिटं लागतात, म्हणजे फी झाली २,७६० डॉलर. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तीही माफ होते. परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी मात्र याच्या कित्येक पट असते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

इंग्रजीकडे येऊ. कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीशी पहिली गाठ पडते ती साहित्याच्या कोर्समध्ये नव्हे, लेखनाच्या. पदवी घ्यायची असो की पुढे विद्यापीठात जायचं असो, पहिल्या वर्षाचा लेखन-वाचनाचा कोर्स सगळ्यांना करावाच लागतो. कॅलिफोर्नियात प्रत्येक कॉलेजचा त्याला वेगळा क्रमांक होता, पुष्कळ ठिकाणी ‘इंग्लिश वन-ए’. आता राज्यभर एकच क्रमांक ठरला आहे, ‘इंग्लिश सी-१०००’. हिशेबनीस होऊ पाहणारी बाई, अग्निशमन दलात भरती व्हायची तयारी करणारा मुलगा, हायस्कूलमध्ये असतानाच युनिटं जमवणारी मुलगी, लष्करातून निवृत्त झालेला माणूस, हे सगळे या वर्गात शेजारी शेजारी बसतात.

महाराष्ट्रात इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्याला हा वर्ग सुरुवातीला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं, प्रश्नपत्रिका बाहेरून येते, आणि विद्यार्थ्याचा खरा सोबती गाईड असतो. संदर्भासह स्पष्टीकरण द्या, व्यक्तिचित्रण करा, टिपा लिहा. उत्तर आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं, आपण ते नीट पाठ करून उतरवायचं. कम्युनिटी कॉलेजात कोर्सची चौकट संस्थेने मंजूर केलेली असते, पण कुठली पुस्तकं वाचायची, कोणते निबंध लिहून घ्यायचे, गुण कसे द्यायचे हे शिकवणारा स्वतः ठरवतो. सत्रात चारपाच मोठे निबंध होतात. प्रत्येकाचा आधी कच्चा मसुदा, त्यावर वर्गमित्रांचे शेरे, मग शिक्षकांचे, मग पुन्हा लेखन. गाईडला तिथं जागाच उरत नाही, कारण प्रश्न आधी ठरलेला नसतो. तो विद्यार्थ्याने मजकुरातून शोधायचा असतो.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका पुस्तकाच्या आधाराने बघू. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून पळून सुटलेल्या माणसाने १८४५ साली प्रसिद्ध केलेलं आत्मकथन अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत फार वेळा वाचायला लावतात. त्यातला तो वाचायला कसा शिकला हा भाग तर जवळजवळ नेमलेलाच असतो. लहानपणी तो बाल्टिमोरमध्ये ऑल्ड कुटुंबाकडे राहत होता. मालकीणबाईंनी त्याला मुळाक्षरं आणि छोटे शब्द शिकवायला सुरुवात केली. मालकाला कळल्यावर त्याने ते थांबवलं. गुलाम वाचायला शिकला की गुलाम म्हणून निकामी होतो, असं त्याने बायकोला बजावलं, आणि ते त्या पोराने ऐकलं. मग त्याने स्वतःच वाट काढली. घरात भाकरी मुबलक होती. ती खिशात घालून तो रस्त्यावर जाई, गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना देई आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिके. लिहिणं तो जहाजांच्या गोदीत शिकला. सुतार लाकडाच्या तुकड्यावर तो जहाजाच्या कुठल्या बाजूला बसणार याची अक्षरं लिहीत, डावी बाजू, उजवी बाजू, पुढचा भाग, मागचा भाग. ती चार अक्षरं त्याने गिरवली आणि भेटेल त्या मुलाला आव्हान दिलं, की तुझ्याइतकंच मलाही लिहिता येतं. मुलगा आपली हुशारी दाखवायला आणखी अक्षरं लिहून दाखवी. पाटी म्हणून कुंपण, विटांची भिंत आणि फरसबंदी, पेन्सिल म्हणून खडूचा तुकडा. पुढे मालकाच्या मुलाच्या भरून झालेल्या कित्त्यांत ज्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या, त्यांत तो त्याचंच अक्षर गिरवत बसे.

हे वाचून विद्यार्थी पहिल्या मसुद्यात हमखास लिहितो, ‘डग्लसच्या मते शिक्षण महत्त्वाचं आहे.’ चांगला शिक्षक तो मसुदा परत करतो आणि विचारतो, या विधानाशी कोण असहमत होईल? कुणीच होणार नसेल, तर त्यावर पाच पानं कशाला? मग वर्ग पुन्हा मजकुराकडे वळतो. डग्लस त्या गोऱ्या मुलांची नावं सांगत नाही. सांगायचा मोह होतो पण सांगणार नाही, असं तो म्हणतो, कारण गुलामाला वाचायला शिकवणं हा तेव्हाच्या त्या ख्रिस्ती समाजात जवळजवळ अक्षम्य गुन्हा होता आणि त्या मुलांची अडचण झाली असती. पण लगेच पुढे ती मुलं फिलपॉट रस्त्यावर राहत हे तो सांगतो, आणि शेजारच्या गोदीचं नाव देतो. नाव नाही, पण पत्ता आहे. हे असं का? तो त्यांना वाचवतो आहे, की ज्यांना कळायचं त्यांना कळावं म्हणून खूण ठेवतो आहे? की उत्तरेकडच्या वाचकाला हा माणूस खरं बोलतो आहे याचा पुरावा देतो आहे? गोऱ्या लोकांना डग्लसच्या हकिकतीवर विश्वास बसत नव्हता, इतकं त्याचं बोलणं सफाईदार होतं, हा संदर्भ शिक्षकाने पुरवला की तिसऱ्या शक्यतेला बळ येतं. आता पाच पानं लिहिण्यासारखं काहीतरी हाती लागलं. विधान असं हवं की ज्यावर कुणी वाद घालू शकेल, आणि वाद मिटवायला मजकुरातलं वाक्य दाखवता येईल. कोर्सचं सगळं शिक्षण यात आलं. मराठी वाचकाला हा भाग वाचताना आणखी एक गोष्ट आठवेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात येणारा विद्यार्थी आपल्यालाही अनोळखी नाही.

आता या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष सांगायला हवा, कारण तो दूर करण्याची धडपड हा या कॉलेजांच्या अलीकडच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दार उघडं होतं, पण आत शिरल्यावर जिना होता. नवीन विद्यार्थ्याची संगणकावर एक चाचणी घेत. त्यात वाक्यरचनेचे आणि उताऱ्यावरचे पर्याय असत. गुण कमी पडले की विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या कोर्सच्या खालच्या वर्गात घालत, कधी एक पायरी खाली, कधी दोन, तर कधी तीन किंवा चार. त्या वर्गांचे गुण पदवीत धरत नसत. वेळ आणि पैसा मात्र जात असे, आणि तिथं वाचायला मिळे ते काय? साहित्य नव्हेच. वाक्य कसं लिहावं, मग परिच्छेद कसा लिहावा, असे सुटे सराव.

आकडेमोड करून पाहिलं की या जिन्याचा घात समजतो. धरून चला, शंभर जण तीन पायऱ्या खाली आहेत आणि प्रत्येक पायरीवर सत्तर टक्के पास होऊन पुढच्या वर्गात नाव घालतात. सत्तर टक्के म्हणजे वाईट निकाल नाही. तरी पहिल्या पायरीनंतर उरले सत्तर, दुसरीनंतर एकोणपन्नास, तिसरीनंतर चौतीस. शंभरातल्या सहासष्ट जणांनी डग्लसचं तोंडही पाहिलं नाही, आणि यात एकाही शिक्षकाची चूक नाही. हेवर्ड गावच्या शाबो कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या केटी हर्न यांनी हे गणित वर्षानुवर्षं सहकाऱ्यांपुढे मांडलं आणि २०१० मध्ये गणिताच्या प्राध्यापक मायरा स्नेल यांच्यासह हा जिना छोटा करण्याची चळवळ सुरू केली. त्याआधीच देशाच्या दुसऱ्या टोकाला, बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात, पीटर अ‍ॅडम्स यांनी २००७ पासून वेगळी तोड काढली होती. कच्च्या समजल्या गेलेल्या मुलांना खालच्या वर्गात न बसवता ते थेट पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवत, आणि तो वर्ग संपला की त्यांनाच घेऊन तोच शिक्षक आणखी एक छोटा जोडतास घेई. दुपारी वर्गात जो उतारा वाचला, त्याच्यावरच्या अडचणी तिथं सुटत. मुलाला पोहायला शिकवायचं तर उथळ पाण्यात का होईना, पाण्यातच उतरवावं लागतं. काठावर हातपाय हलवायचे धडे देऊन भागत नाही. ज्या शहरात डग्लस रस्त्यावर भाकरी देऊन शिकला, त्या शहराच्या भोवतालच्या कॉलेजाने हा मार्ग दाखवावा, याचं मला विशेष वाटतं.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला. चाचणीवरून मुलं खाली ढकलायची नाहीत, हायस्कूलमधले गुण बघायचे, आणि विद्यार्थी एका वर्षात पहिल्या वर्षाचा कोर्स पुरा करू शकेल अशीच व्यवस्था ठेवायची. २०२२ च्या दुसऱ्या कायद्याने ते आणखी घट्ट केलं. यावर शिक्षकांत अजून मतभेद आहेत. इंग्रजी नुकतंच शिकू लागलेला किंवा वीस वर्षांनी शाळेत परतलेला माणूस एकदम खोल वर्गात पडतो, नापास होतो आणि कायमचा निघून जातो, असं अनेक अनुभवी शिक्षक सांगतात. त्यांचं म्हणणं झिडकारण्यासारखं नाही. पण जिना पुन्हा बांधणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जोडतास खरोखर भरला पाहिजे, त्याला पगारी शिक्षक पाहिजे, वर्गात मुलं मर्यादित पाहिजेत. जिथं हे झालं नाही तिथं कायद्याने अर्धंच काम केलं आहे.

पहिल्या वर्षाचा कोर्स पार पडला की साहित्याचे कोर्स खुले होतात. ब्रिटिश साहित्याचा इतिहास बहुधा दोन भागांत असतो. पहिला ‘बेओवुल्फ’पासून चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन करत अठराव्या शतकापर्यंत, दुसरा रोमँटिक कवींपासून आजवर. अमेरिकन साहित्याचेही असेच दोन भाग, मध्ये यादवी युद्धाची रेघ. जागतिक साहित्य, शेक्सपिअर, कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य, सर्जनशील लेखन हे कोर्स कॉलेजागणिक कमीजास्त. एम. एच. एब्रम्स यांच्या संपादनाखाली १९६२ साली निघालेला ‘नॉर्टन’ संग्रह मुंबई-पुण्याच्या एम.ए.वाल्यांच्या परिचयाचा आहे. विद्यापीठांत वापरतात तोच संग्रह इथंही चालतो. विद्यार्थ्यांचे पैसे वाचावेत म्हणून अनेक शिक्षक आता प्रताधिकाराची मुदत संपलेलं साहित्य फुकट उपलब्ध करून देतात.

इंग्रजी विषय घेऊन इथून पुढे जाण्याचा रस्ता कॅलिफोर्नियात चांगला बांधला गेला आहे. २०१० च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास दोन वर्षांची पदवी सुरू झाली. ती घेतलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला जागेची हमी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा ठरावीक गुण आणि कोर्स पुरे करणाऱ्याला लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यांत नाहीत, पण तिथंही दरवर्षी कम्युनिटी कॉलेजातून विद्यार्थी जातात. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कोर्सनिहाय दिलेलं असतं. अंदाजाने कोर्स घेऊ नयेत.

या वर्गांतून साहित्यिक घडले का, असं कुणी विचारेल. घडले. पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचं औपचारिक शिक्षण १९३६ मध्ये शिकागोच्या विल्सन ज्युनियर कॉलेजात संपलं. पण मला ऑक्टेव्हिया बटलर यांची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते. वडील बूटपॉलिश करत, ते लवकर गेले. आई लोकांच्या घरी कामाला जाई. मुलीला डिस्लेक्सिया. १९६५ मध्ये हायस्कूल संपल्यावर ती दिवसा नोकरी करून रात्री पॅसडीना सिटी कॉलेजात शिकू लागली आणि १९६८ मध्ये तिथून दोन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडली. कॉलेजच्या कथास्पर्धेत तिला पंधरा डॉलरचं बक्षीस मिळालं, लेखनाची ती पहिली कमाई. तिथंच एक तरुण वर्गमित्र, आपल्या आधीच्या पिढ्यांनी मान खाली घालून सगळं सोसलं म्हणून त्यांच्यावर संतापून बोलत होता. बटलरने आपल्या आईला लोकांच्या घरात मागच्या दाराने जाताना पाहिलं होतं. ते सोसणं म्हणजे काय होतं हे त्या तरुणाला कळावं, या गरजेतून ‘किंड्रेड’ ही कादंबरी उगवली. ती १९७९ मध्ये आली. तिची त्याच दशकातली नायिका गुलामगिरीच्या काळात खेचली जाते, थेट मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे डग्लसच्या जन्मभूमीत, आणि तिथं एका गुलाम मुलाला चोरून वाचायला शिकवते. आज ‘किंड्रेड’ आणि डग्लसचं आत्मकथन एकाच कोर्समध्ये लावतात.

निवडक विद्यापीठात असा वर्गमित्र आणि अशी मुलगी समोरासमोर आली असती का, मला शंका आहे. साहित्याच्या वर्गात कोण बसलं आहे यावर त्या वर्गात काय निघतं हे फार अवलंबून असतं.

शिकवणाऱ्यांची परिस्थिती मात्र चांगली नाही. कम्युनिटी कॉलेजांतले निम्म्याहून कितीतरी अधिक शिक्षक अर्धवेळ असतात, कोर्सागणिक पैसे मिळतात, आणि पोट भरायला त्यांना दोनतीन कॉलेजं करावी लागतात. कॅलिफोर्नियात त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, कारण त्यांचा दिवस गाडीत जातो. जिल बायडन अध्यक्षपत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही उत्तर व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजात लेखन शिकवत होत्या, याची बातमी झाली. तिथल्या बाकीच्या शिक्षकांची होत नाही. यंत्राकडून निबंध लिहून घेण्याच्या आजच्या काळात तर मसुदा, चर्चा, वर्गात बसून लेखन हेच एक खात्रीचं साधन उरलं आहे, आणि ते सगळं शिक्षकाच्या वेळेवर उभं आहे.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हायस्कूलमधली मुलं कॅलिफोर्नियात हे कोर्स बहुतेक ठिकाणी बिनफीचे घेऊ शकतात. आपली मुलं गणित आणि संगणकाचे घेतात, त्यांना साहित्याचाही एक घेऊ द्या. आणि नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्यांना नोकरीची आडकाठी असली तरी शिकायला बंदी नाही. रहिवाशाची फी लागू होते का, हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात विचारावं, नियम माणसागणिक वेगळा लागतो. नाव घालायचं तर लवकर घाला. ब्रिटिश साहित्याचे किंवा शेक्सपिअरचे वर्ग अनेक कॉलेजांत वर्षातून एकदाच लागतात, आणि पुरेशी नावं आली नाहीत तर सत्र सुरू होण्याच्या सुमारास रद्द होतात.